दस्तीविना सौदा

मित्रांनो, माझे अर्धे आयुष्य दोन हात झाकण्यात गेले. मी एक जुनी दस्ती आहे. खांद्यावरच्या कापडाला तुमच्याकडे टॉवेल, पंचा, काहीही म्हणत असतील. आमच्या नांदेड-लातूरकडे दस्ती म्हणतात. माझा पांढरा रंग आता ताकासारखा झाला आहे. लाल काठ विटला आहे. एका कोपऱ्याला बैलाने चावून पाडलेले भोक आहे. तरीही माझी गोष्ट सांगायची मला फार घाई झाली आहे. इतकी वर्षे मी माणसांची गुपिते पोटात ठेवली. आता एकदा मोकळेपणाने बोलू द्या.

माझा जन्म सोलापूरच्या मागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मी लोह्याच्या बाजारात आले. एके दिवशी आप्पासाहेब नावाचे शेतकरी दुकानात आले. त्यांनी मला उलगडले, उन्हासमोर धरले आणि माझ्यातून पलीकडे काही दिसते का ते पाहिले. "दिसंना. हीच द्या," ते म्हणाले. कापड घेताना लोक रंग बघतात, काठ बघतात. आप्पासाहेबांनी फक्त माझा दाटपणा पाहिला. का, ते मला लवकरच कळले.

आप्पासाहेबांचा गोठा पंचक्रोशीत नावाजलेला होता. लाल कंधारी जातीची जनावरे. गडद तांबूस रंग, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. गोऱ्हे मोठे झाले की आप्पासाहेब जोडी जुळवायचे आणि जनावरांच्या बाजारात न्यायचे. तिथला सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत. दोघांचे उजवे हात एका कापडाखाली जात आणि बोटे बोलू लागत. एक बोट धरले की एक, सगळा पंजा धरला की पाच. घेणारा बोटे धरून आकडा सांगे, विकणारा ती झटकून दुसरी धरी. वरून चेहरे अगदी कोरे. जमले की पंजा घट्ट पकडून हलवायचा. हात हलला की सौदा पक्का. मग तो देवालाही मोडता येत नाही, असे बाजारात म्हणत.

ते कापड म्हणजे मी! भोवती शंभर माणसे उभी असायची आणि आकडा फक्त तिघांना ठाऊक असायचा. घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि मला. काय तो रुबाब होता माझा! आप्पासाहेब मला झटकून खांद्यावर टाकायचे तेव्हा मी सुद्धा ताठ व्हायचे.

घरी मात्र माझी जागा गोठ्यातल्या खुंटीवर. तिथून मला आप्पासाहेबांची सून तारामती दिसायची. वासरू जन्मले की त्याचे नाक पुसणारी ती. रात्री ताप आला तर त्याच्या पाठीवर पोते टाकणारी ती. जोडी एका चालीने चालावी म्हणून सकाळी सकाळी माळावर फिरवून आणणारीही तीच. बाजाराच्या दिवशी ती बैलांच्या कपाळाला हळद-कुंकू लावायची आणि दारात उभी राहायची. संध्याकाळी आप्पासाहेब परतले की चौकटीआडून हळूच विचारायची, "मामा, कोण्या गावाला गेले?" सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"गेले कुठंतरी. तुला काय करायचंय?"

"कितीला गेले?"

"बायकांना आकडा कशाला लागतो?"

ती चुलीकडे वळायची. घरात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलाच नव्हता. ती बोलायची ती जनावरांशी, आणि तेही कुणी आसपास नसताना.

मग एका उन्हाळ्यात आप्पासाहेबांना लकवा मारला. जीव वाचला, पाय सावरले, पण उजवा हात गेला. त्या हाताला ना जोर राहिला ना जाण. कुणी बोट धरले तरी त्यांना कळेना. मित्रांनो, असा हात दस्तीखाली काय कामाचा?

म्हणून त्यांनी मुलाला, म्हणजे तारामतीच्या नवऱ्याला बाजारात पाठवले. बालाजी स्वभावाने अगदी गाय. समोर बसला उदगीरकडचा वीरण्णा. वीरण्णा म्हणजे बाजारातला जुना व्यापारी, मोठ्या पोटाचा, मोठ्या हसण्याचा. कर्नाटकाच्या सीमेवरचा माणूस असल्याने प्रत्येक बाईला अक्का म्हणायचा आणि प्रत्येक वाक्याला 'री' जोडायचा. माझ्याखाली बालाजीच्या हाताला असा घाम फुटला की मीच ओली झाले. वीरण्णाने पहिलाच, अगदी पडेल आकडा धरला. बालाजीला तो झटकायचा होता. पण घामाने हात निसटला, आणि निसटणारा हात सावरायला त्याने वीरण्णाचा सगळा पंजा घट्ट पकडला. पकडला आणि हलला!

"पक्कं!" वीरण्णा ओरडला.

बालाजी "अवं, न्हाई, न्हाई" म्हणत राहिला. पण हात हलला होता. बाजारभर हसू झाले. बैल गेला आणि वर वीरण्णा म्हणाला, "कासरा बी द्या री, बैल काय कानाला धरून नेऊ?"

त्या संध्याकाळी आप्पासाहेबांनी बाजेवर बसून निर्जीव हात डाव्या हाताने मांडीवर उचलून ठेवला. मग म्हणाले, "हरण्या-गुलब्याची जोडी पुढल्या बाजाराला काढा. त्याच्यामागं गायी. गोठा मोडायचा. माझा हात गेला, बालाजीचा असा. कशाला ठिवायची जनावरं?"

तारामती चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवून ती परत गेली नाही. पदर सावरून तिथेच उभी राहिली.

"मामा, जोडी मी घिऊन जाते."

आप्पासाहेबांनी मान वर केली. "काय बोलायलीस तू?"

"हरण्या-गुलब्याला मी वाढवलंय. सौदा नीट झाला तर गोठा ऱ्हाऊ द्या. न्हाई झाला, तर मोडा. मी परत शब्द काढणार न्हाई."

"आन् दस्तीखाली कुणाचा हात धरशील? परक्या गड्याचा? भर बाजारात?"

तारामती गोठ्यात निघून गेली. पण बाजाराच्या दिवशी पहाटे तिने मला खुंटीवरून काढले आणि स्वतःच्या खांद्यावर टाकले. बालाजीने टेम्पोचे फळकूट खाली पाडले आणि बैल चढवायला लागला.

मित्रांनो, त्या बाजारात बायका नव्हत्या असे नाही. चहाच्या टपरीवर होत्या, भाकरी विकत होत्या. पण दावणीजवळ, कासरा हातात धरून उभी असलेली बाई मी तरी पहिल्यांदाच बघत होते. येणारेजाणारे थांबत, बैलांकडे बघत, मग तिच्याकडे बघत आणि पुढे सरकत. अखेर वीरण्णा आला. त्याने हरण्याचे दात पाहिले, गुलब्याच्या पाठीवर थाप मारली आणि बालाजीपुढे हात केला.

"आणा बालाजीराव. मागल्या बारी लई सोपं गेलं री तुमच्यासंगं."

बालाजीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "जोडी हिची हाय. हिच्यासंगं बोला."

"हिच्यासंगं?" वीरण्णाने डोळे मोठे केले. "अक्काचा हात धरू का मी? माझी बायको मला दावणीला बांधंल री! कडबा बी टाकणार न्हाई!"

भोवतीची माणसे खो खो हसली. तारामती काहीतरी बोलली, पण आवाज फुटलाच नाही. खांद्यावर होते म्हणून मला एकटीला ऐकू आले. ती पुन्हा म्हणाली, "हात कामून धरता? तुमाला तोंड न्हाई का?"

आता सगळ्यांना ऐकू गेले. हसू थांबले.

"उघड्यावर कोण सौदा करतंय अक्का?" वीरण्णाचा चेहरा उतरला. "ही बाजाराची रीत न्हाई." त्याने बाकीच्या व्यापाऱ्यांना डोळ्याने खुणावले. सगळे जाऊन टपरीवर बसले. ऊन चढू द्यायचे, बाईचा धीर सुटू द्यायचा आणि शेवटी बालाजीचा हात धरायचा, हा त्यांचा बेत. मी वर्षानुवर्षे त्या हातांवर राहिलेली. मला तो बेत लगेच कळला.

ऊन चढले. आजूबाजूच्या दावणी रिकाम्या होऊ लागल्या. हरण्या-गुलब्याकडे कुणी फिरकेना. बालाजी हलकेच म्हणाला, "अगं, जाऊ घरी. आप्पाला सांगू, गिऱ्हाईकच नव्हतं."

"मंग गोठा जाईल," तारामती म्हणाली.

तिचा हात माझ्यावर आला. मुठीत तिने मला असे आवळले की माझे सूत सूत ताणले गेले. मला वाटले, झाले. आता ही मला बालाजीच्या हातावर टाकणार. पण तिने मला खांद्यावरून ओढले, कमरेला गुंडाळले आणि करकचून गाठ मारली. नांगरायला निघालेला गडी बांधतो ना, तशी! मग ती दावणीपुढे आली आणि ओरडली.

"लाल कंधारी जोडी! चार दाती! घरची पैदास! दोघं एका गाईचं दूध पेले, एका चालीनं चालतात! कासरा घ्या, माळावर पळवून बघा! खोड निघाली तर फुकट न्या!"

आणि मग, मित्रांनो, तिने आकडा सांगितला. भर बाजारात! उघडा! आयुष्यभर जे मी झाकले ते ही बाई चव्हाट्यावर ओरडून सांगत होती. तो आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. माझी तशी सवयच नाही. पण तो योग्य होता, आणि तो म्हणताना तिचा आवाज जराही हलला नाही.

टपरीवरचे कप हवेत थांबले. माणसे वळली. गर्दीतून जळकोटकडचा एक शेतकरी पुढे आला. त्याचे नाव आनंदराज. तो म्हणाला, "बाई, लई बरं केलं. मी दोन बाजार फिरून आलो. सगळे दस्तीखाली कुजबुजतात. जोडीचा भाव काय चाललाय हेच मला कळंना." त्याने कासरा घेतला, जोडी माळावर फिरवून आणली, दोघांचे खूर पाहिले आणि स्वतःचा आकडा बोलला. मोठ्याने.

"कमी हाय," तारामती म्हणाली.

तेवढ्यात टपरीवरून वीरण्णा उठला. जोडी हातची जाते हे त्याला बघवेना. जवळ येऊन त्याने पुटपुटत आकडा सांगितला.

"मोठ्यानं बोला की वीरण्णा! पलीकडच्याला ऐकू जाईना!"

लोक असे हसले की वीरण्णालाही हसू आवरेना. त्याने छाती भरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव ओरडला. आनंदराज त्याच्या वर गेला. वीरण्णा आणखी वर. कुणीतरी शिट्टी मारली. बालाजी तर लहान मुलासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होता. मी तिच्या कमरेला होते. तिचा श्वास मला कळत होता. तो आता भीतीचा नव्हता. पोहायला शिकलेल्या मुलीला पाण्यात आपण तरंगतो आहोत हे कळते, तेव्हा तो जसा असेल, तसा होता.

शेवटी आनंदराज तिच्या आकड्यापाशी आला. वीरण्णाने दोन्ही हात वर केले. "गेली री जोडी. अक्का, तुमच्या घरात बालाजीराव बरे होते."

तारामतीने बैलांच्या कपाळाला हळद-कुंकू लावले आणि विचारले, "भाऊ, कोण्या गावाला नेता? गोठा कोण्या तोंडाचा हाय? गुलब्याला पावसाची झड सोसत न्हाई." आनंदराजने सगळे नीट सांगितले. मग तिने कासरा त्याच्या ओंजळीत ठेवला. दस्तीविना सौदा झाला.

घरी पोचेपर्यंत मोबाइलवरून बातमी पुढे गेली होती. आप्पासाहेब बाजेवर ताठ बसले होते. "आकडा सांग," ते म्हणाले. तारामतीने सांगितला. चौकटीआडून नाही, समोर उभी राहून. मग ते म्हणाले, "गाभण गायीची पेंड उद्यापासून वाढव." एवढेच. पण मित्रांनो, ज्याला गोठा मोडायचा असतो तो पेंड वाढवायला सांगत नाही. तारामती गोठ्यात आली, गाईच्या गळ्यात हात टाकला आणि हसू लागली. तिला इतके मोठ्याने हसता येते हे मला ठाऊकच नव्हते!

त्यानंतरची वर्षे काय सांगू! दर बाजाराला मी तिच्या कमरेला. गावातल्या बायका येऊ लागल्या. कुणाची शेळी, कुणाची कालवड. त्यांना बाजारात न्यायच्या आधी तारामती गोठ्यात उभे करायची आणि म्हणायची, "म्हशीला भाव सांग. म्हैस हसत न्हाई." कुणी लाजायची, कुणी पदरात तोंड घालून हसायची, एक तर रडलीच. तारामतीच्या मुलाची बायको म्हणून घरात नवी आलेली पुनम सगळ्यात भित्री. तिने भाव पुटपुटला तर म्हशीने पाठ फिरवली. "बघ," तारामती म्हणाली, "तिला बी पटलं न्हाई. आणखी एकदा."

टोमणे कमी नव्हते. "नवऱ्याला घरी खुंटीला बांधून आलीस काय?" असे एकाने विचारले. ती म्हणाली, "त्याला मोकळं सोडलंय, मनून तर संगं आलाय." शेजारी बालाजी खुशाल शेंगा खात उभा होता. आप्पासाहेब पुढे वारले, तेव्हाही गोठ्यात दावण भरलेली होती. वीरण्णा थकला, पण बाजारात आला की आधी तारामतीला विचारायचा, "अक्का, आज काय पुकारता?"

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस तारामती गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता. मी खुंटीवर होते. त्या दिवशी गोठ्याकडे यायला कुणाला वेळ झाला नाही, आणि गायी दिवसभर दाराकडे बघत राहिल्या.

तिची लेक सुकन्या नांदेडला असते. जाताना तिने मला नेले. धुतले नाही. पिशवीत घालून कपाटात ठेवले. कधीतरी कपाट उघडायची, मला नाकाशी धरायची आणि परत ठेवायची. त्याबद्दल मी अधिक सांगणार नाही.

अंधारात मला एकच प्रश्न पडे. गोठ्याचे काय होणार? उत्तर गेल्या महिन्यात मिळाले. सुकन्या मला घेऊन गावी आली. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि पुनम दोन कालवडी घेऊन एकटी निघणार होती. सुकन्याने मला तिच्यापुढे धरले. "आईची दस्ती हाय. कमरेला बांध."

पुनमने मला हात लावला, पण घेतले नाही. "ताई, ऱ्हाऊ द्या. तिथं गर्दीत हरवून बसायची. आन् आता दस्ती कुणाला लागतीय? सगळे तोंडानंच बोलतात."

खरे सांगते, आधी मला वाईट वाटले. मग एकदम उमगले आणि माझ्या काठापासून काठापर्यंत आनंद सळसळला. माझे कामच उरले नव्हते! अहो, यापेक्षा मोठी बातमी दस्तीला कोणती असेल?

तेवढ्यात गोठ्यातून बालाजीची हाक आली. "पुनम! गाय बसली गं!" सगळे धावले. सुकन्याच्या हातात मी तशीच. वासराचे पुढचे पाय दिसत होते. पुनमने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सांगू लागली, "मामा, मागं व्हा. ताई, पाणी आणा. ओढू नका, तिला कळ येऊ द्या. आता! आता धरा!" वासरू ओल्या कडब्यावर घसरत आले. पण ते हालेना. नाकातोंडात चिकटा भरला होता.

"कापड! ताई, कापड द्या!"

सुकन्या क्षणभर थांबली. माझ्यात अजून तिच्या आईचा वास होता. मग तिने मला पुढे केले.

पुनमने माझ्या टोकाने वासराचे नाक पुसले, तोंड पुसले, छाती खसाखसा चोळली. मी भिजले, माखले, एका जागी फाटले. आणि मग ते शिंकले! माझ्याच घडीत त्याने पहिला श्वास घेतला. गरम, ओला, लहानसा. "कालवड हाय! कालवड!" पुनम ओरडली. पलीकडच्या वाड्यावस्तीवरही ऐकू गेले असेल. सुकन्या वासराजवळ बसून रडत होती आणि हसतही होती.

परत जाताना तिने मला मागितले नाही. मी इथे दोरीवर वाळते आहे. डाग काही निघालेले नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला वापरा, मळवा, फाटले तर पोतेरे करा. तुमच्या घरात कुणी बाई काही पेरत असेल, शिवत असेल, वाढवत असेल, तर तिला त्याचा भाव विचारा. पहिल्यांदा तिचा आवाज फुटणार नाही. तरी जाऊ नका, तिथेच उभे राहा. ती पुन्हा सांगेल.